फायब्रिनोजेनमध्ये प्रथम

रिक्षा बसस्टँडवरून निघाली, क्लासेसच्या रस्त्याला वळली, आणि चौकात अण्णा दिसले.

दोन मजली इमारतीएवढ्या फ्लेक्सवर ते निळा टी-शर्ट घालून, अंगठा वर करून हसत होते. डोक्यामागून सोनेरी किरणं फुटत होती. खाली लिहिलं होतं: ‘हृदयसिद्धी क्लासेस, लातूर-नांदेड. निकालाची परंपरा कायम. माधवराव कंधारकर, ७२० पैकी ६९१. फायब्रिनोजेनमध्ये प्रथम.’ त्यांच्या दोन्ही बाजूंना बाकीचे गुणवंत म्हातारे आणि म्हाताऱ्या लहान लहान चौकटींत बसवले होते. सगळ्यात खाली लाल पट्टी होती: ‘नवीन बॅच सुरू. स्टेंटवाल्यांना प्राधान्य.’

मी रिक्षा थांबवायला सांगितली.

“वळखीचे हायत का?” रिक्षावाल्यानं विचारलं.

“वडील.”

“अभिनंदन ताई! पेढे पायजेत मग.”

आदल्या दिवशी नांदेडला गोदावरीच्या घाटावर त्यांचा दहावा झाला होता. तेरावा मात्र स्वतःच्या घरी करायचा असं आईनं ठरवलं होतं. ती दुसऱ्या दिवशी माझ्या धाकट्या भावाबरोबर, सर्वेशबरोबर, एसटीनं लातूरला येणार होती. मी घर उघडायला पुढं आले होते. आम्ही नांदेडला गेलो तेव्हा चौकात हा फ्लेक्स नव्हता. बसस्टँडवरून आमच्या घरी जायला हाच रस्ता. आई येईल तेव्हा अण्णा या चौकात अंगठा वर करून तिच्याकडं बघून हसणार, हे मला त्या रिक्षात बसल्या बसल्या कळलं. त्याआधी फ्लेक्स उतरला पाहिजे, एवढंच मी ठरवलं.

हृदयसिद्धीविषयी बाहेरगावच्या माणसाला थोडं सांगावं लागतं. अंबरीश सर मूळचे रसायनशास्त्राचे. लातुरात क्लासेस इतके झाले की त्यांचे बाक रिकामे पडायला लागले. मग त्यांच्या लक्षात आलं की नातवंडांना सोडायला आलेले आजोबा जिन्यात बसून धापा टाकतात, आणि त्यांतल्या निम्म्यांच्या छातीत एक तरी स्टेंट असतो. नवं गिऱ्हाईक आधीच दारात बसलेलं होतं. सरांनी फळा तोच ठेवला आणि विद्यार्थी बदलले. हदगाव, किनवट, देगलूर, कुठून कुठून माणसं वळकटी घेऊन आली. पोरांच्या खोल्यांत म्हातारे राहू लागले, मेसवाल्या बायका अळणी वरण करू लागल्या. सकाळी चालण्याचा तास, मग तेल-मिठाचं थिअरी लेक्चर, संध्याकाळी शंकानिरसन. आठवड्यातून दोनदा एक हृदयरोगतज्ज्ञ येऊन तपासून, औषधं लिहून जात. आणि महिन्याअखेरीस परीक्षा, म्हणजे रक्त.

फायब्रिनोजेन, डी-डायमर आणि असे आणखी दोन-चार आकडे मोजून सर त्यांचे ७२० पैकी गुण काढत. रक्ताला गोठायची घाई जितकी कमी तितके गुण जास्त. डॉक्टरांना हे पसंत नव्हतं. “हे आकडे शंभर माणसांतल्या किती जणांना धोका आहे ते सांगतात, कोणाला आहे ते सांगत नाहीत,” असं ते पहिल्याच तासाला बोलले होते. सगळ्यांनी ते लिहून घेतलं. करोनानंतर आमच्याकडं डी-डायमर हा शब्द भाजीवालीलाही माहीत आहे, त्यामुळं कुणाला काही अवघड वाटलं नाही.

अण्णांना मागच्या हिवाळ्यात सोलापूरला स्टेंट बसला आणि उन्हाळ्यात त्यांनी नाव घातलं. प्रवेश परीक्षेत त्यांना ‘अ’ बॅच मिळाली. अ म्हणजे सगळ्यांत जास्त धोका, ब म्हणजे मध्यम, क म्हणजे काठावर.

“अ!” त्यांनी मला फोनवर सांगितलं. आवाजात चक्क आनंद होता.

“अण्णा, अ वाईट असतो.”

“तुला नाही कळायचं. अ वर्गाकडंच सगळे बघतात.”

ते भूमी अभिलेख कार्यालयात होते. भूकंपानंतर किल्लारीच्या बाजूला नव्या गावांचे प्लॉट आखायला त्यांना पाठवलं होतं. तिथंही गावांचे अ, ब, क होते. अ म्हणजे पार झोपलेलं गाव, त्याला नवी जागा, नवी घरं. क म्हणजे डागडुजी. घराची भिंत उभी राहिली म्हणून डोक्याला हात लावून बसलेली माणसं अण्णांनी पाहिली होती. लिंबाजी नावाच्या एकानं तर साहेबाची जीप येताना दिसल्यावर आपली उभी भिंत खांद्यानं ढकलून पाडली होती. “मोजायला आलेल्या माणसाला घर दिसत नसतं, वर्ग दिसतो,” असं अण्णा म्हणत. मला वाटायचं, ही गोष्ट ते दुसऱ्यांविषयी सांगतात.

महिन्यातून एकदा पालकसभा असे. पालक म्हणजे आम्ही मुलं. मी नांदेडच्या कॉलेजात ग्रंथपाल आहे. रजा टाकून येत असे आणि बाकावर अंग चोरून बसत असे.

“काका हुशार आहेत,” अंबरीश सर सगळ्यांसमोर सांगत, “पण चंचल आहेत. शेवटच्या बाकावर लक्ष्मम्मांशी गप्पा मारतात. घरून लक्ष द्या.”

“बोलते त्यांच्याशी,” मी म्हणे. शेवटच्या बाकावरून अण्णा मला डोळा मारत.

पण अभ्यास ते करत होते. डॉक्टरांनी एकदा फळ्यावर समजावलं, की फायब्रिनोजेन म्हणजे गुठळीचं जाळं विणायचा दोरा, आणि डी-डायमर म्हणजे विणलेलं जाळं तुटल्यावर पडलेला चुरा. अण्णांनी हात वर केला. “म्हणजे ढिगाऱ्यावरून घर किती खणांचं होतं ते सांगायचं. ते मी केलेलं आहे.” पुढच्या प्रत्येक परीक्षेला त्यांचा दोरा आणि चुरा कमी होत गेला. अ मधून ब, ब मधून क, आणि शेवटी ६९१. निकाल लागला, पेढे वाटले, फोटो काढला. त्यानंतर दोन आठवड्यांनी सकाळी ते पेपर आणायला फाटकापर्यंत गेले आणि तिथंच बसले. दवाखान्यात सांगितलं की स्टेंटमध्ये गुठळी झाली. गोळ्या चालू होत्या ना, असं विचारल्यावर आई म्हणाली, “होत्या की. डबी मीच भरायची. रोज रिकामी व्हायची.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चौकातल्या फ्लेक्सवाल्याला सांगून बघितलं, आई येतेय, उतरव; सरांना विचारा म्हणाला, म्हणून हृदयसिद्धीच्या ऑफिसात गेले. अंबरीश सर उठून उभे राहिले, खुर्ची दिली, पाणी मागवलं. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. मी फ्लेक्सचं बोलले तसं ते आटलं.

“ताई, निकाल लागला तेव्हा काका हयात होते.”

“आता नाहीत.”

“आपल्या क्लासचं पोरगं मेडिकलला जाऊन पहिल्या वर्षी नापास झालं, तर आपण त्याचा फोटो उतरवतो का? निकाल तो निकाल.”

“मग निदान नावाआधी कै. तरी लावा.”

“कै.!” त्यांनी दाराकडं बघून आवाज खाली आणला. “हृदयाच्या क्लासच्या पाटीवर, पहिल्या नंबरच्या आधी कै.? तुम्ही इतकं वाचलेल्या बाई. तुम्हीच सांगा, ॲडमिशन होईल?”

“म्हणून म्हणते, उतरवा. आज दुपारी आई येतेय. तिनं ते बघू नये.”

“उतरवला तर मधोमध केवढं भोक पडेल? आणि नांदेडची शाखा तर टपूनच बसलीय. काकांनी शेवटचं रक्त तुमच्याकडं आले असताना तिथं दिलं ना? ते म्हणतात, विद्यार्थी आमचा. त्यांनीही चौकात लावलाय. बघितला नाहीत?”

मी बघितला नव्हता. मी त्या दिवसांत फारसं वर बघत नव्हते.

एवढ्यात दार ढकलून लक्ष्मम्मा आत आल्या. उदगीरच्या. नऊवारीवर क्लासचा निळा टी-शर्ट, खांद्याला कापडी पिशवी. मला बघून त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि माझे दोन्ही गाल हातात धरले.

“अय्यो, मनू ना तू? तोंड बापावर गेलंय.” मग मला सोडून टेबलाकडं वळल्या. “अंबरीशा, मी पयली कवा होनार?”

“अम्मा, आत्ता नको.”

“आत्ता न्हाई तर कवा? मी दुसरी हाय. कंधारकर सर गेले, जागा रिकामी झाली. कलेक्टर बदलला की दुसरा येतोय का न्हाई?”

“ही वेटिंग लिस्ट नाही अम्मा.”

“मेल्या मानसाला पयला नंबर करायचाय काय?” मग माझ्याकडं बघून, “तुला राग न्हाई ना आला पोरी? सर असते तर तेच म्हनले असते. लई न्यायाचा मानूस.”

“नाही आला,” मी म्हणाले. खरंच आला नव्हता. फ्लेक्स उतरायला हरकत नसलेलं एक तरी माणूस भेटलं होतं.

“शेवटच्या बाकावर दोघंच आमी. पेपर फुटला असता तर त्यांनी आदी मलाच सांगितलं असतं.”

“रक्ताचा पेपर कसा फुटेल, अम्मा?”

“न्हाई फुटत, म्हनून तर अभ्यास करावा लागतो.” त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. “जाताना समदं मलाच देऊन गेले. पास झाल्याच्या दिवशी. ही बग.”

त्यांनी एकेक वस्तू टेबलावर मांडली. चालायची काठी. पिवळा हायलायटर. तेलाचं मोजमाप करायचा छोटा चमचा. आणि तळातून रबरबँड लावलेला गोळ्यांच्या पाकिटांचा गठ्ठा. प्रत्येक पाकिटावर पिवळी रेघ मारलेली होती, आणि वरच्यावर अण्णांच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, ‘अति महत्त्वाचे’.

मी गोळीचं नाव वाचलं. सोलापूरच्या डॉक्टरांनी ज्या गोळीखाली दोन रेघा मारून ‘वर्षभर एक दिवसही बंद करायची नाही’ असं लिहिलं होतं, ती हीच.

“या त्यांनी तुम्हाला दिल्या?”

“हाव. मलाबी डागदरनं ह्याच लिवल्यात. नंतरबी रोज क्लासच्या फाटकापाशी येऊन त्या दिवसाची देऊन जायचे, पुडीत बांदून. वाया जाऊ द्यायचा मानूस नव्हता.”

मी अंबरीश सरांकडं बघितलं.

“ताई, ती इथली पद्धतच आहे,” ते समजावणीच्या सुरात म्हणाले. “पास झालेलं पोरगं नोट्स रद्दीत घालत नाही, पुढच्या बॅचला देतं. शुभ मानतात. त्यामुळं पास झालेले आपापल्या गोळ्या पुढच्या...” इथं त्यांना स्वतःचं वाक्य ऐकू आलं आणि ते थांबले.

अण्णा सहा महिने दोरा आणि चुरा कमी करत होते. त्या गोळीचं काम त्याहून वेगळं होतं. रक्तातल्या चपट्या पेशींना, म्हणजे प्लेटलेट्सना, स्टेंटच्या जाळीला चिकटू द्यायचं नाही, एवढंच ती करत होती. ज्या परीक्षेत अण्णा पहिले आले, तिच्यात हा प्रश्न विचारलेलाच नव्हता.

लक्ष्मम्मा माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

“सरांकडं दुसऱ्या व्हत्या ना पोरी? ह्या जास्तीच्या व्हत्या ना?”

मला हो म्हणायचं होतं.

त्यांनी गठ्ठा हळूच माझ्याकडं सरकवला, जसा एखादा गरम तवा सरकवावा. “मला नगं.”

मी तो उचलून त्यांच्या हातात दिला आणि वरून त्यांची बोटं मिटवली. “डॉक्टरांनी तुम्हाला लिहिल्यात ना? मग तुमच्याच आहेत. एकही चुकवायची नाही.”

“पास झाले तरी?”

“पहिल्या आलात तरी.”

त्यांनी पदरानं डोळे पुसले, नाक ओढलं, आणि मग एकदम अंबरीश सरांकडं मान वळवली. “आरं, बाकीच्यांचं काय? समदेच वाटून राहिले की!”

भिंतीवर चौकातल्या फ्लेक्सची छोटी प्रत होती. आम्ही तिघंही तिकडं बघायला लागलो. मधे अण्णा, भोवती बाकीचे. सर्वांनी अंगठे वर केले होते. अंबरीश सरांची नजर सातव्या चौकटीवर थांबली. ठसठशीत कुंकू, जाड भिंगाचा चष्मा. त्यांची आई, सिद्धम्मा.

त्यांनी फोन लावला. घाईत तो स्पीकरवर गेला.

“अव्वा, गोळ्या घेतल्यास का?”

“कसल्या रे?”

“हृदयाच्या.”

“आता कशाला? पास झाले ना मी. तूच तर पेढे वाटलास.”

“कुठायत त्या?”

“त्या ना, रेणुकाला दिल्या, किनवटच्या. गरीब हाय बिचारी. तिची परीक्षा दिवाळीला हाय.”

“अव्वा, ऐक. तू जागची हलू नको. मी येतो.”

“का? भूकंप झाला का?”

सरांनी फोन ठेवला. डॉक्टरांना फोन करून आईच्या घरी पाठवलं आणि मग आम्ही तिघांनी मिळून चौकटीतल्या एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. तिसऱ्या क्रमांकाचे निवृत्ती कापसाच्या शेतात होते, त्यांच्या सुनेनं फोन उचलला. त्यांनी गोळ्या मेव्हण्याला दिल्या होत्या, त्याला गुडघेदुखी होती. चौथ्यांनी क्लास संपला म्हणून सिमच बदललं होतं. पाचवे गुरुपादप्पा म्हणाले, “मी अजून घेतोय, पण कुणाला सांगू नका. लोक म्हणतील, पास होऊनपण शिकवणी लावलीय.” मागच्या बॅचेसचे तर नंबरही धड नव्हते. ही सगळी माणसं अधूनमधून लातूरला येत, आणि आली की या चौकातून जात, आपला फोटो अजून आहे का बघायला.

“फ्लेक्सवर लिहायला पाहिजे,” मी म्हणाले.

सरांनी या वेळी ॲडमिशनचं नाव काढलं नाही. “काय लिहायचं ते तुम्ही सांगा,” म्हणाले, आणि आईकडं पळाले.

फ्लेक्सवाला प्रीतम चौकातच राहतो. त्याच्याकडं दहावीचे, वाढदिवसाचे आणि श्रद्धांजलीचे फ्लेक्स एकाच यंत्रावर निघतात. मी मजकूर लिहून दिला. त्यानं वाचला, माझ्याकडं बघितलं, पुन्हा वाचला.

“शेवटी गुलाब टाकू का?”

“नको.”

पट्टी छापून होते तोवर सर्वेशचा फोन आला. “ताई, अहमदपूर सुटलं. आई ठीक आहे. सारखी खिडकीतून बघतेय.”

प्रीतमनं खांबाला शिडी लावली आणि वर चढण्याआधी विचारलं, “सकाळी तुम्ही उतरवायचं म्हणत होता. आता चिकटवायचं म्हणता. आई येतायत ना तुमच्या? एक काय ते सांगा. उतरवायचं असेल तर दोऱ्या कापल्या की झालं.”

मी अण्णांकडं बघितलं. इतक्या जवळून ते अण्णा नव्हते, नुसते निळे आणि गुलाबी ठिपके होते. लक्ष्मम्मा माझ्या शेजारी शिडीचा पाय धरून उभ्या होत्या.

“चिकटव,” मी म्हणाले.

पट्टी अण्णांच्या छातीवर आली. पांढऱ्यावर काळी अक्षरं, रस्त्याच्या पलीकडूनही दिसतील एवढी.

‘कै. माधवराव कंधारकर. पहिले आले. गोळ्या बंद केल्या. वारले. तुम्ही बंद करू नका.’

एक मोटारसायकल थांबली. मागं बसलेल्या बाईनं मोठ्यानं वाचलं आणि पुढं बसलेल्या माणसाच्या पाठीत एक धपाटा घातला. “बघितलंत?” ते पुढं गेले. मग दोन कॉलेजची मुलं थांबली, त्यांनी फोटो काढला. मग पिवळी रिक्षा आली आणि तिच्यात आई होती.

तिनं रिक्षा थांबवली नाही. रिक्षावालाच वाचायला थांबला. आई खाली उतरली. सर्वेश तिच्या मागं उतरला आणि माझ्याकडं असं बघू लागला, जणू मी काहीतरी भयंकर केलंय. कदाचित केलंच होतं.

आईनं चष्मा पुसला, वर बघितलं आणि ओठ हलवत सगळं वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून.

“पहिले आले?” तिनं विचारलं.

“हो.”

“मला म्हणाले, बरे पडले मार्क.”

तिनं पुन्हा वर बघितलं.

“डबी तर रिकामी असायची.”

“उदगीरच्या एका बाईंना द्यायचे. त्यांचीही परीक्षा होती.”

आईनं माझ्या पलीकडं बघितलं. लक्ष्मम्मा शिडीचा पाय सोडायला तयार नव्हत्या. निळा टी-शर्ट, मान खाली. आई त्यांच्याकडं चालत गेली.

“तुम्हाला बरं आहे का आता?” आईनं विचारलं.

लक्ष्मम्मांनी मान हलवली.

“आजची घेतली?”

“न्हाई अजून.”

“मग घ्या.”

त्यांनी तिथंच पिशवीत हात घातला. प्रीतमनं शिडीवरून आपली पाण्याची बाटली खाली दिली. लक्ष्मम्मांनी गोळी गिळेपर्यंत आई त्यांच्यासमोर उभी राहिली, लहानपणी आम्ही काढा संपवेपर्यंत राहायची तशी. मग ती परत रिक्षापाशी आली.

“चलायचं का आज्जी?” रिक्षावाल्यानं विचारलं.

आई बसली नाही. “तुझ्या घरी कोण घेतं रे गोळ्या?”

“बाप घ्यायचा. आता बरं हाय त्याला, म्हनून सोडल्यात.”

“फोन लाव.”

“आता? धंद्याच्या टायमाला?”

“लाव.”

त्यानं लावला. मागून एक एसटी हॉर्न वाजवत आली आणि आमच्यामुळं खोळंबली. आईनं त्याच्या हातातून फोन घेतला, दुसऱ्या कानात बोट घातलं आणि वाट बघत राहिली. पलीकडून एका म्हाताऱ्याचा आवाज आला, “कोन हाय?”

“मी माधवराव कंधारकरांची बायको,” आई म्हणाली. “तुमच्या गोळ्या कुठं ठेवल्यात?”